उन्हाशी वैर धरलेले आबा

उन्हाला वैयक्तिक शत्रू मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमच्या नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक आबा. बारामती आणि इंदापूर यांच्या मधलं, कालव्याकाठचं आमचं गाव. नव्वद सालानंतर काही वर्षं मी तिथं बांधकाम विभागात कारकून होतो. आबा मूळचे निरवांगीचे. त्यांच्या चष्म्याच्या डबीत थर्मामीटर असे. चष्मा बिचारा कुठंतरी हरवलेला. डांबरी रस्ता, एसटीचं सीट, भाजीवालीचा पत्रा, आबा कशालाही थर्मामीटर लावत. पणदऱ्याच्या एका लग्नात अक्षता पडत असतानाच त्यांनी मांडवातला पारा पाहिला आणि वरबापाला बजावलं, "नवरदेवाचा फेटा काढा, न्हायतर मंगलाष्टकं अर्धीच ऱ्हातील." कुणी म्हणालं, सावलीत तर एवढं तापत नाही, की आबा उसळत. "माणूस काय सावलीत काम करतोय व्हय?"

आम्ही हसायचो. मीही हसायचो.

एका वर्षी पुण्याच्या एका संस्थेतून एक मॅडम आल्या. गावातली कुठली गल्ली किती तापते, छपरं, झाडं, रस्ते बदलले तर काय होईल, हे सांगणारं संगणकाचं मॉडेल त्या तयार करत होत्या. ते पुरं होण्याआधी गावात रोज काम करणाऱ्यांना त्यांना विचारायचं होतं. मॉडेल येणार म्हणून शिपायानं मोठं टेबल रिकामं करून पुसून ठेवलं. त्यावर मॅडमनी फक्त एक नकाशा पसरला, रंगीत चौकोनांचा. आबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग कालव्यालगतच्या एका निळ्या चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये थंड कसं?"

"जवळ पाणी आहे ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ह्या चौकोनात आमची मुक्ताबाई मेली."

आबा नकाशाकडे बघतच बोलत होते. "झाडूवाली हुती. भर दुपारी म्हणाली, आबा, गरगरतंय. मी म्हणलो, कोपऱ्यापतुर झाडून घे, मग बस. कोपरा आलाच न्हाय. कागदावर लिवलं, हृदय बंद पडलं. हृदय काय, सगळ्यांचंच बंद पडतंय की."

मॅडमनी नकाशाची गुंडाळी केली. "आबा, आणखी कुणाकुणाला विचारू?"

तो सबंध उन्हाळा आबांनी त्यांना पत्रे ठोकणारे, हातगाडीवाले आणि झाडूवाल्या बायका यांच्याबरोबर ऐन दुपारी गावभर फिरवलं. कालव्याजवळ पोचल्यावर एक बाई म्हणाली, "हितं धूळ उडतच न्हाय. वारं कुठलं असणार?" गोदामाच्या उंच भिंतीनं पाण्यावरचा वारा अडवला होता आणि पलीकडे पत्र्याची छपरं भाजत होती. हे पुण्यात बसून कुणालाच दिसलं नव्हतं. नवा नकाशा आला, तेव्हा तो निळा चौकोन सगळ्यांत लाल होता.

नकाशा कपाटात गेला. आबांनी मात्र स्वतःच्या सहीनं बायकांची वेळ बदलली: पहाटे पाच ते अकरा. परवानगीशिवाय वेळ का बदलली, असा मेमो आला. आबांनी उत्तर लिहिलं, "ऊन कार्यालयाची परवानगी घेत नाही." वेळ पूर्ववत झाली आणि आबा जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. तिथंही उन्हाळ्यात कुणी मेलं, की ते रडणाऱ्या नातलगांना विचारत, "छप्पर कशाचं हुतं? वारं यायचं का?" लोक चिडत, एकानं तर गचांडी धरली. आबा वेगळ्या कागदावर टिपून तो मॅडमना पाठवत राहिले. निवृत्त झाले त्या दिवशी हारतुऱ्यालासुद्धा थांबले नाहीत.

पुढं एकदा मी निरवांगीला गेलो. आबा गोठ्याशी बसले होते, निम्मे उरलेले. मी सांगितलं, की हुकूम कागदावर जुनाच आहे, पण बायका अकरा वाजले की झाडू ठेवून सरळ घरी जातात, आणि नव्या निरीक्षकाची अडवायची छाती होत नाही.

आबांनी समोरच्या गाईपुढं वैरण सरकवली. मग म्हणाले, "मुक्ताबाईची लेक लागली हुती न्हवं तिच्या जागी?"

"लागली. तीही अकराला घरी जाते."

त्यांनी मान हलवली. मी निघालो तसे काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मी इचारलं, ह्ये तिला सांगू नका."