आग्रहाखातर

आमच्या सौदीतल्या अल-खोबरच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मला आवडत नाही. आवडत नाही हे फारच सभ्य झालं. त्याचा आवाज ऐकला तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बोलतो मात्र गोड हो! दरवर्षी सभेत हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, "मला आता मोकळं करा. नव्यांना संधी द्या." सगळे ओरडतात, "नाही, नाही, तुम्हीच!" मग हा मान खाली घालतो. "इतकं प्रेमानं म्हणताय, तर मोडवत नाही." झाली निवडणूक.

मी इथल्या भारतीय शाळेत अकरावीच्या मुलींना इतिहास शिकवते. रोमचं प्रजासत्ताक जाऊन साम्राज्य आलं, तो भाग दरवर्षी येतो. मुलींना वाटतं, कुणीतरी तलवार उपसून म्हणालं असेल, आजपासून मी राजा. छे! राजा या शब्दाचाच रोमनांना तिटकारा. यादवीत सगळे विरोधक संपवल्यावर तो पहिला सम्राट सिनेटपुढे उभा राहिला आणि म्हणाला, घ्या तुमचे अधिकार परत. सिनेटवाले गयावया करायला लागले, आम्हाला सोडून जाऊ नका. मग यानं मोठ्या मनानं ते ठेवून घेतले. सिनेट राहिली, निवडणुका राहिल्या, प्रजासत्ताक हे नावसुद्धा राहिलं. स्वतःला तो नुसता 'पहिला नागरिक' म्हणवायचा.

"मॅम, पण कुणीच 'ओके, जा' का नाही म्हटलं?" एका मुलीनं विचारलं. मी म्हटलं, सैन्य त्याच्या हातात होतं ना. उत्तर बरोबरच आहे. पण आमच्या अध्यक्षाच्या हातात कुठलं आलंय सैन्य? एक माइक आहे, तोही मधूनच बंद पडतो.

यंदा मात्र मला त्याला घालवायचंच होतं, कारण त्याचा डोळा माझ्या वर्गावर होता. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मंडळाच्या खोलीत मी पोरांना मराठी शिकवायचे. इथली पोरं शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी बोलतात; त्यांच्या तोंडात 'ळ' बसतच नाही. फळा म्हणजे 'फला', शाळा म्हणजे 'शाला'. जीभ वळवता वळवता थुंकी उडायची, हसून हसून लोळायची पोरं. एका मुलीला जमलं, तर ती दिवसभर 'खळखळ, खळखळ' करत हिंडली. माझ्या मुलाला अजून जमायचं होतं. आणि या गृहस्थाला ती वेळ हवी होती वार्षिक कार्यक्रमाच्या नाचाच्या तालमीला. "वर्ग काय, घरीही होतो," म्हणाला. घरी डोंबल होतो! घरी मराठीत विचारलं तर पोरगं इंग्रजीत उत्तर देतं.

मी नवऱ्याला सांगून ठेवलं, "त्यानं मोकळं करा म्हटलं, की मी उठून म्हणणार, बरं, केलं. दुसरं नाव मी सुचवते. तू फक्त गप्प बस."

"बसतो," म्हणाला.

सभेसाठी गावाबाहेरची एक इस्तराहा दिवसभरासाठी भाड्यानं घेतली होती. हॉल, बाहेर हिरवळ, पोरांना झोपाळे. अध्यक्षानं हात जोडले. "मला आता मोकळं करा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी ओढणी सावरून उठणार, तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली.

"छे छे, असं कसं! तुमच्याशिवाय मंडळ चालेल का?"

माझाच नवरा! मेल्याला दातखीळ बसली असती तर बरं झालं असतं. टाळ्या पडल्या, प्रेम झालं, मोडवलं नाही. पाठोपाठ शुक्रवारची सकाळ नाचाला गेली, तीही सर्वानुमते.

"काय केलंस हे?" मी दात-ओठ खात विचारलं.

"अगं, माणूस हात जोडून उभा होता. नुसतं बघत राहणं बरं दिसतं का?"

बरं दिसतं का! आमचं सगळं सैन्य या तीन शब्दांत आहे.

जेवायला पुरणपोळ्या होत्या आणि वाढायला मी. अध्यक्षानं ताटावर आडवा हात धरला. "नको, नको, अगदी पुरे."

"बरं," म्हटलं आणि पुढे गेले. मागे वळून पाहिलं, तर हात बाजूला झाला होता आणि गडी रिकाम्या ताटाकडे बघत होता. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात नवरा धावला. "अहो, असं कसं, एक तरी घ्याच!" माझ्या हातातल्या ताटातली पोळी उचलून त्यानं वाढली, वर तुपाची धार धरली.

"इतकं प्रेमानं म्हणताय, तर मोडवत नाही," अध्यक्ष म्हणाला.

पलीकडून माझ्या मुलानं ताट पुढे केलं. "आई, मला पण पोली."

"पोळी," मी म्हटलं.

"येस, पोली."

मी वाढली. शुक्रवारी त्याला नाच होता.