ज्या हाताचा सत्कार झाला

माझ्या भावाची चूक काय, तर त्याचा सत्कार झाला. याहून वेगळी चूक कोणी दाखवून द्यावी, मी खाली मान घालून ऐकून घेईन. अजून तरी कोणी दाखवलेली नाही.

माहेर माझं पांढुर्ण्याचं आणि सासर सावरगावचं. मध्ये जाम नदी, नदीवर पूल. आईनं तिकडे मिरचीची फोडणी दिली तर इकडे मला ठसका लागावा, एवढंच अंतर. भाऊ माझ्याहून खूप लहान, बारावीत, भालाफेकीत राज्यात पहिला आलेला. माझा धाकटा दीर त्याच्याच वर्गातला. तो आठशे मीटर धावायचा, त्यानंही पदक आणलं होतं. दोघांची दोस्ती अशी की सौंसरच्या मैदानावर दोघं पहिल्यांदा जिंकले, तेव्हा बसमध्ये एकाच सीटवर झोपून आले आणि दोघांचे बूट गाडीतच राहिले. मी दोघांनाही झोडपलं होतं. नवे बूट काय झाडाला लागतात?

पोळा आठवड्यावर आला असताना पांढुर्ण्यातल्या त्यांच्या शाळेनं खेळाडूंचा सत्कार ठेवला. मांडव, खुर्च्या, शाल-श्रीफळ, सगळं रीतसर. एक पुढारी पाहुणे म्हणून आले होते. भावाच्या खांद्यावर शाल टाकली, त्याचा उजवा हात धरून वर केला आणि माईकमध्ये म्हणाले, "ये लडका इस किनारे से फेंके ना, तो सीधे सावरगाव के मंदिर की घंटी बजेगी!" मांडवात हशा पिकला. टाळ्या थांबेनात. मीही टाळ्या वाजवल्या, का नाही वाजवणार? माझा भाऊ होता तो. आईनं तर डोळ्याला पदर लावला होता. दीर त्याच्या शेजारी गळ्यात हार घालून उभा, तोही हसून हसून वाकला होता.

बाहेरच्या माणसाला या हशाचा अर्थ कळणार नाही, म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे तो झेंडा न्यायला येतात, सावरगावचे अडवतात, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर गोटे चालतात. डोकी फुटतात, दात पडतात. संध्याकाळी झेंडा चंडीच्या देवळात गेला की खेळ खलास. मग लोक पूल ओलांडून एकमेकांच्या जखमी माणसाला भेटायला जातात, कारण दोन्ही गावं एकमेकांची सोयरी. जावयाचं डोकं सासऱ्याकडच्या गोट्यानं फुटलं असेल, तरी कोणाचा गोटा होता हे कोणी विचारत नाही. विचारायचंच नाही. गोट्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, असं आम्हाला दूध पितानाच सांगतात.

आणि त्या पुढाऱ्यानं माईकवरून नाव लिहून टाकलं.

त्या वर्षी दोन्ही पोट्ट्यांना भोपाळच्या कॅम्पचं बोलावणं आलं होतं. पोळा झाला की पंधरा दिवसांनी जायचं. तिथे निवड झाली असती तर पुढचं शिक्षण, राहणं, खाणं सगळं सरकारचं. म्हणून मी दोघांना समोर बसवून दम भरला. नदीच्या काठावर पाय ठेवायचा नाही. भाऊ म्हणाला, "ताई, मी तं घराबाहेरच नाई पडत." दीर म्हणाला, "वयनी, मी तुमच्याजवळच उभा राहीन, दुरून पाहीन." दोघांनीही शब्द पाळला, हे मी कोणाहीसमोर छातीवर हात ठेवून सांगेन.

गोटमारीच्या सकाळी माहेरच्या गल्लीतली पोरं भावाला बोलवायला आली. तुया हात गावाचा हाय, म्हणाली. आईनं त्यांना दारातूनच पिटाळलं. दुपारी मी फोन केला, तर हा पठ्ठ्या आदल्या दिवशीची पुरणपोळी दुधात कुस्करून खाऊन राहिला होता आणि टीव्ही पाहून राहिला होता. माझा जीव भांड्यात पडला.

इकडे नदीवर नुसतं रणकंदन. मी आणि दीर वर, पिठाच्या चक्कीच्या कोपऱ्यावर उभे होतो. तिथवर कधी गोटा येत नाही, म्हणून बायका-लेकरं तिथेच थांबतात. आमच्यासमोरून एकेकाला उचलून नेत होते. एकाचा कान लोंबत होता. एक म्हातारा तोंडात पंचा कोंबून चालला होता आणि पंचा लाल झाला होता. ओळखीचा एक पोरगा हसत हसत आला, "काही नाई झालं काकू," म्हणाला, आणि तिथेच फतकल मारून बसला, डोळे पांढरे केले. लोक ओरडत होते, ढोल वाजत होते. मी लहानपणापासून हे पाहिलंय, पण त्या दिवशी मी सारखी आभाळाकडे पाहत होते. बाप्पा, सूर्य बुडत काहून नाही, असं झालं होतं.

तेवढ्यात कानाजवळून काहीतरी सुंईं करत गेलं आणि दीर तोंडावर पडला. नदीकडे पाहत उभा होता, तसाच पुढे. मी वाकून पाहिलं तर टाचेच्या वरचं मांस उघडं पडलं होतं. आत पांढरं दिसत होतं. रक्ताची चिळकांडी माझ्या साडीवर उडाली. मी पदर फाडला आणि आवळून बांधला, तरी रक्त थांबेना. तो माझा हात इतका घट्ट धरून होता की बांगड्या फुटून रुतल्या. "वयनी, माया पाय! माया पाय पाहा नं!" एवढंच ओरडत होता. माझा नवरा धावत आला, त्यानं आणि लोकांनी उचलून गाडीत टाकला आणि दवाखान्यात पाठवला. नेता नेता तो बेशुद्ध झाला. सासू सोबत गेली. लेकरं घरात एकटी होती म्हणून मी मागे थांबले.

मी घरी पोचेपर्यंत गल्लीत न्यायनिवाडा झालेला होता. शेजारचा एक, माझ्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा यार, मधोमध उभा राहून सांगत होता, "चक्कीपर्यंत गोटा! एवढ्या दूर एकच हात फेकू शकते. साऱ्या गावानं आयकलं नं त्या दिवशी माईकवर?" लोक माना डोलावत होते. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "अवं, तो घरी हाय! मी दुपारीच फोनवर बोलली. तो घराच्या बाहेर पडला नाई!" शेजारी हसला. "बहीण दुसरं काय म्हणीन?" माझा नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शर्टावर त्याच्या भावाचं रक्त होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्यानं नजर फिरवली.

मी आत जाऊन भावाला फोन लावला. येऊ नको, एवढंच सांगायचं होतं. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. आईला लावला तर ती म्हणाली, "झेंडा गेला नं आता देवळात. दोस्ताले लागलं आयकून तो तिकडेच निंगाला, पोहोचलाच आसन." 

दिवेलागणीला तो आला. हातात सफरचंदांची पिशवी. रीतीप्रमाणे आला होता, जसे सगळे येतात. गल्लीच्या तोंडाशी त्यानं विचारलं, "कसा हाय तो?" आणि पहिली काठी त्याच्या मानेवर बसली.

पुढचंही मी लिहिणार. का नाही लिहायचं? पाच-सात जण तुटून पडले. ज्यांना मी दिवाळीला चिवडा पाठवते, ज्यांच्या पोरींच्या लग्नात मी पहाटेपर्यंत पुऱ्या लाटल्या, तेच. भाऊ खाली पडला, तर पोटात लाथा घातल्या. नाकातोंडातून रक्त. "मी नाई फेकला, देवाची शपथ, मी नाई फेकला!" कोणी ऐकेल तर ना. सफरचंदं नालीत घरंगळली, त्यांच्यावर पाय देऊन देऊन मारत होते. मी धावले. खरंच धावले, हातात लाटणं होतं माझ्या, एकाचं तरी टाळकं मी फोडलंच असतं.

माझ्या नवऱ्यानं मला मागून धरलं. कंबरेला दोन्ही हातांची मिठी घालून उचललंच. मी त्याच्या नडग्यांवर लाथा मारल्या, त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईस्तोवर चावले. त्यानं सोडलं नाही.

आणि शेजाऱ्यानं भावाचा उजवा हात ओढून आमच्याच ओट्याच्या पायरीवर ठेवला. आडवा, कोपर कडेवर येईल असा. एकानं खांदा दाबला, एकानं मनगट. गोटे काय, गोटमारीसाठी जमवलेले गल्लीत पडलेलेच होते ढिगानं. "हाच नं बे तो हात? शाल घेतलेला?" त्यानं विचारलं. दोन्ही हातांनी गोटा डोक्यावर उचलला. एकदा मारला. भावाचा आवाज आला नाही, तोंड नुसतं उघडं राहिलं. दुसऱ्यांदा मारला तेव्हा तो ओरडला, आणि तसं ओरडणं मी जनावराचंही ऐकलेलं नाही. मग सगळे पांगले. आपापल्या घरात गेले, दारं लावली. कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या.

सकाळी सरकारी दवाखान्यात दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. एकीवर भाऊ, एकीवर दीर. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि मला बाजूला घेतलं. नागपूरला न्या, म्हणाले. ऑपरेशन होईल, घास तोंडापर्यंत जाईल, पेन धरेल. भाल्याचं नाव मात्र काढू नका, आणि दिराच्या धावण्याचंही. ते हळू बोलत होते, पण भावानं ऐकलं.  भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि त्याची पाठ हलत राहिली.

दीर आदल्या संध्याकाळपासून औषधाच्या गुंगीत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. शुद्धीवर येऊन त्यानं शेजारच्या खाटेवर पाहिलं. "याले काय झालं, वयनी?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, कोणी धरलं, कोणी मारलं, कशासाठी मारलं. त्याचं तोंड पांढरं पडत गेलं. तो उठून बसायला लागला, मी दाबून धरलं.

"वयनी, मले तं मागून लागला," तो म्हणाला. "मी नदीकडे पाहून राहिलो होतो नं? टाचेले कसा लागन समोरून? मागच्या छतावर एक जन गोफण फिरवून राहिला होता. गोफणीले बंदी हाय नं, म्हणून पोलिसाच्या भेवानं वर लपून. मी वळून पाहिलं होतं एकदा." आणि त्यानं नाव घेतलं. आमच्या शेजाऱ्याचं.

मी तिथेच खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून बसले. जखम मीच बांधली होती, माझ्याच पदरानं. जखम कुठे आहे हे उचलून नेणाऱ्या प्रत्येकानं पाहिलं होतं. नदी कुठे आहे हे सावरगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कोणाला ते पाहायचंच नव्हतं, कारण नाव आधीच तयार होतं. आणि ज्यानं गोफण मारली, त्यानंच ते नाव सगळ्यात आधी घेतलं. दीर मोठमोठ्यानं रडायला लागला, पायासाठी नाही, शेजारच्या खाटेसाठी. भावानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही, फक्त डावा हात मागे केला, आणि दिरानं तो धरला.

थोड्या वेळानं माझा नवरा डबा घेऊन आला. मनगटाला पट्टी बांधली होती, मी चावले होते तिथे. मी त्याला व्हरांड्यात नेलं आणि गोफणीचं सांगितलं. मला वाटलं, हा आता पेटून उठेल, गल्लीत जाईल, त्या माणसाची गचांडी धरेल. त्याच्या भावाचा पाय गेला होता, माझ्या भावाचा हात गेला होता. तो खाली फरशीकडे पाहत राहिला.

"आता काढून काय फायदा?" तो म्हणाला. "गोटमारीतलं कोनी इचारत नाई."

त्याला सगळं आधीच कळलेलं होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. कदाचित रात्रीच. कदाचित मला धरलं होतं तेव्हाच. मी ते विचारलं नाही. मी एवढंच विचारलं, "तुमी मले धरलं. त्याले काहून नाई धरलं?"

 नर्स ट्रे घेऊन आमच्या मधून गेली, तिला त्यानं वाट दिली.

"तो आपल्या गल्लीतला हाय," तो म्हणाला.

माझी दोन्ही लेकरं त्या गल्लीत जन्मली. मी त्याच्या हातातून डबा घेतला, आत गेले आणि भावाच्या तोंडाशी पहिला घास धरला. तो खाईना. मी धरूनच राहिले.