दत्ताची उंची

सकाळी गॅसवर दूध ठेवलं होतं, तेवढ्यात सुनीलचा फोन आला. "काका, आप्पा गेले..." आप्पा म्हणजे त्याचे वडील, माझा शाळेपासूनचा मित्र दत्ता. हृदयातून निघणारी, आधीच फुगलेली मोठी रक्तवाहिनी फाटली होती. सुनेचे दिवस भरत आले होते आणि नातवंडाचं बारसं झालं की ऑपरेशन करून घेतो, असा त्याने डॉक्टरांना शब्द दिला होता.

दत्ता सव्वासहा फूट, हात गुडघ्याला टेकतील इतके लांब. कोल्हापुरात असं पोर दिसलं की घरचे थेट तालमीत धाडतात, तसं त्यालाही धाडलं. दोन डाव झाले की त्याला धाप लागायची आणि आम्ही त्याला कामचुकार म्हणायचो. मीच सगळ्यात जास्त. त्याची आज मला लाज वाटते.

खरं कारण कळलं ते काही महिन्यांपूर्वी, सून स्नेहल गरोदर राहिल्यावर. सुनीलचा जाड चष्मा आणि लांबसडक बोटं पाहून डॉक्टरीणबाईंनी बाप-लेकाचं रक्त तपासायला लावलं. शरीर बांधून ठेवणारे धागेच जन्मापासून कच्चे; त्यानेच हाडं लांब वाढतात, डोळे आणि हृदय कमजोर होतात, आणि हा दोष बापाकडून लेकाकडे आलेला. मग स्नेहलच्या पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी काढून तपासलं. बाळातही तेच निघालं. गर्भ ठेवायचा की नाही, हे बाईंनी त्या दोघांवर सोडलं. दत्ता सुनेसमोर जेवायलाही बसेना.

तिसऱ्या दिवशी तीच त्याच्यापुढे येऊन बसली. मास्तरकीतून निवृत्त झालेला मी तिथेच होतो.

"मामा, खरं सांगा. लई त्रासात गेला का तुमचा जन्म?"

दत्ता म्हणाला, "त्रास झाला की. धड दिसायचं न्हाय, छाती धडधडायची. तालमीत ह्यो मास्तर हसायचा मला." माझ्याकडे बघून तोच हसला. "पर पोरी, जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं, असं एकदाबी वाटलं न्हाय. ही माझी गोष्ट हाय. तुझं तू ठरीव. काय बी ठरीव, मी तुझ्या बाजूनं हाय."

स्नेहल खूप रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "ठेवूया."

दत्ता गेल्यावर तीन आठवड्यांनी मुलगी झाली. लांब बोटांची. दत्ताला साठी येईपर्यंत जे कुणी सांगितलं नाही, ते तिच्या घरच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तिच्या हृदयाच्या तपासणीची तारीखही ठरली आहे.

बारशाला गेलो तेव्हा हात धुताना दत्ताचा दाढीचा आरसा दिसला. त्याच्या उंचीला ठोकलेला. माझ्यासारख्याला त्यात नुसतं छत दिसतं, सुनीललाही टाचा उंचवाव्या लागतात. तो आरसा खाली घ्यायला सुनीलने हात घातला, तशी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली स्नेहल म्हणाली,

"असू दे तिथंच. हिला लागंल."