वाकडं पडवळ आणि माझं तोंड

पडवळाला दगड बांधायचं काम आमच्या घरात माझं. मांडवावरून कोवळं पडवळ लोंबायला लागलं की त्याच्या टोकाला सुतळीने लहान दगड बांधायचा, म्हणजे ते सरळ वाढतं. नाही बांधला तर वेटोळं होतं आणि कुणी घेत नाही. दर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या बाजारात ही पडवळं घेऊन मी बसते. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, पण तिथे बसायला फार आवडतं. एरवी मळ्यात माणूस दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात मालिकेत सून झालेल्या एका नटीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला. वेटोळं पडवळ गळ्यात घालून ती सांगत होती, की याचा रस रोज गालाला लावते म्हणून चेहरा उजळला. पुढच्या बुधवारी बायका माझी सरळ पडवळं बाजूला सारून वाकडं मागू लागल्या. सरळ पडवळात गुण उतरत नाही, असं एकीने मला नीट समजावलं. मी मान हलवली.

मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सगळे दगड काढायला लावले. आठ-दहा दिवसांत मांडवाखाली नुसती वेटोळी. सासूबाई म्हणाल्या, आपण जन्मभर उगाच दगड वेचले.

वाकडी पडवळं हातोहात जाऊ लागली. मग एका बाईने माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग आहेत.

"मावशी, तुम्ही तर पडवळातच राहता. मग हे असं कसं?"

तिने पडवळ खाली ठेवलं. शेजारच्या दोघींनीही ठेवलं.

पुढच्या बाजाराला तू येऊ नको, तुझ्या तोंडामुळे माल पडून राहतो, असं मालक घरी म्हणाले. रागाने नाही, फवारणी कधी करायची ते सांगावं तसं. मला रडू आलं. शेवटी मीच म्हटलं, स्कार्फ बांधून बसते, नुसते डोळे दिसतील.

तशी बसले. पहिल्याच गिऱ्हाइकाने वाकून हळूच विचारलं, आत पडवळ लावलंय का, किती वेळ ठेवायचं? मी गप्प. त्यावरून लावलंय असंच तिने धरलं आणि तीन घेतली. घोळका जमला. डोळ्यांभोवती फरक दिसायला लागलाय, असंही एकीने सांगितलं. मालक खुशीत. आता दर बुधवारी असाच बांध, म्हणाले.

मग नेहमीच्या आजी आल्या. पीठ पेरून भाजी करायला त्या माझ्याकडून एक पडवळ नेतात. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी मालकांना विचारलं, "इथे बसायची ती बाई कुठे गेली?"

मी स्कार्फ सोडला.

"मीच हाय, आजी. आम्ही पडवळ खातो. गालाला नाय लावत."

बाजारात एवढं मी कधीच बोलले नव्हते. मालकांनी कपाळाला हात लावला. मग मागून एकजण म्हणाली, "म्हणजे हे पोटातून घ्यायचं असतं." सगळ्यांना ते पटलं. पाटी रिकामी झाली.

आजींना सरळ पडवळ हवं होतं. एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एका वेलाला पुन्हा दगड बांधले. कुणासाठी, मालकांनी विचारलं. आजींसाठी, मी म्हटलं. बुधवारी टेम्पोत माल भरताना माझं बसायचं पोतं मालकांनीच आत टाकलं.