थोरल्या मामांचं गाढवाचं शेपूट

माझ्या थोरल्या मामांइतका पाणी देणारा माणूस पलूस तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि आता घरोघरी ठिबक आल्यामुळे पुढं होण्याचीही शक्यता नाही. उसाला पाणी देणं हे त्यांचं काम होतं, पण पाणी देणं हा मुळात त्यांचा स्वभावच. पाहुणा दारात दिसला की तांब्या पुढं, आणि तो अर्धा होतोय तोवर दुसरा तांब्या. अंगणातल्या तुळशीला पाणी, तुळशीशेजारच्या दगडालाही पाणी, का तर तो बिचारा तापतो. एकदा मी कराडहून अंगात ताप घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो. डॉक्टरचं नाव काढायच्या आत माझ्या पोटात तीन तांबे गेले होते. "माणूस काय आन् पीक काय, सुकलं की पाजायचं," एवढं त्यांचं वैद्यकशास्त्र. शेतातल्या मोटारीची लाईट कुठल्या वारी किती वाजता येते हे त्यांना सत्तरीतही तोंडपाठ आहे. मामींचा वाढदिवस विचारला तर मात्र ते चष्मा शोधायला आत जातात.

अशा माणसाच्या घरात दोन वर्षांपूर्वी एक झाड आलं, ज्याला पाणी दिलं की ते मरतं.

झाड आणलं सूनबाईनं. ही आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, शिकलेली आणि मोजकं बोलणारी. लग्न ठरताना मामांनी एकच शंका काढली होती, "पोरगी गुणाची हाय, पण गावाला पाणी न्हाई." पुढं चार वर्षं सासरा-सुनेचं रोजचं संभाषण असं चालायचं: "जेवलीस?" "जेवले, आबा." "बरं." भांडण नव्हतं, राग नव्हता, बोलायला विषय नव्हता इतकंच. मग माझ्या मामेभावाची नोकरी पुण्याला गेली, आणि तिथल्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही म्हणून सूनबाईनं आपलं लाडकं झाड पलूसला, पुढच्या सोप्यात, खिडकीजवळच्या कडीला टांगून ठेवलं. याच कडीला एके काळी मामेभावाचा पाळणा होता. झाड म्हणजे कुंडीतून खाली सुटलेल्या चार जाडजूड वेण्या, प्रत्येक दोन हात लांब, आणि शेंगदाण्याएवढ्या फुगीर, निळसर हिरव्या पानांनी गच्च भरलेल्या. नाव विचारलं तर ती म्हणाली, "गाढवाचं शेपूट."

"पाळण्याच्या कडीला शेपूट टांगून गेली माझी बाय," मामी चार दिवस येईल त्याला सांगत होत्या.

जाताना सूनबाईनं बजावलं होतं, "आबा, माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. पंधरा दिवसांनी घातलं तरी चालतंय." मामा "बरं" म्हणाले, आणि एस.टी. वळणावरून दिसेनाशी होताच मला म्हणाले, "दुष्काळातली पोर हाय रं. पाण्याला हात सुटत न्हाई तिचा. आपल्याकडं कृष्णामाई हाय, आपुन कशाला काटकसर करायची?" आणि मग कृष्णामाई त्या कुंडीत आली. मामांनी बोटानं कुंडीत गोल सरी पाडली. मोटारीची लाईट आली की शेताला पाणी आणि त्याच वेळी शेपटालाही. पुढं त्यांना वाटलं, आपण शेतावर असताना ते तहानलेलं राहतं. म्हणून दवाखान्यातून सलाईनची नळी आणून त्यांनी खिडकीच्या गजाला बाटली उलटी टांगली आणि घरातल्या घरात ठिबक सुरू केलं. वर चिमूटभर युरिया. मामी म्हणाल्या, "आवं, त्येला काय टनेज काढायचंय?" मामांनी आणखी एक चिमूट टाकली. सुनेनं पहिल्यांदाच काहीतरी त्यांच्या ताब्यात दिलं होतं, आणि ते त्यांना दुप्पट करून परत द्यायचं होतं.

महिन्याभरानं सकाळी सकाळी त्यांचा फोन आला, "जसा असशील तसा ये." घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं या धास्तीनं मी कराडहून मोटारसायकल हाणत गेलो. पाहतो तर मामा सोप्यात फरशीवर मांडी घालून बसलेले, आणि समोर पानांचा ढीग. वर कडीला नुसत्या काळ्या, कुजलेल्या दोऱ्या. मामी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या.

"गड्या, तिला काय सांगू?" मामा म्हणाले. सातबारावर दुसऱ्याचं नाव लागलं असतं तरी या माणसाचा चेहरा इतका उतरला नसता. मी म्हटलं, "फोन करा, तिलाच विचारा." आता मामांनी आजवर सुनेला कधी फोन केला नव्हता. बोलायच्या त्या मामी, आणि मामा पलीकडच्या खोलीतून "बरं हाय म्हणावं" एवढं ओरडायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि फोन लावला. "सहज इचारतोय हां, आपल्या न्हाई, समजा दुसऱ्या कुणाच्या शेपटाची पानं गळली, तर त्यानं काय करावं?" पलीकडून ती म्हणाली, "कोरड्या वाळूवर पानं नुसती पसरून ठेवायची, आबा. एकेका पानाला मूळ फुटतं."

"आन् पाणी?"

"नाही घालायचं."

"मग करायचं काय?"

"काही नाही. वाट बघायची."

मामांना आयुष्यात एवढी कडक शिक्षा कुणी दिली नसेल. मामींचं सूप, चहाच्या बशा, जुनं घमेलं, जे सापडेल त्यात वाळू भरून पानं मांडली गेली. मामा दिवसभर त्यांच्यासमोर हाताची घडी घालून बसायचे, कारण हात मोकळा राहिला तर तो तांब्याकडं जायचा. दर गुरुवारी ते पुण्याला फोन करू लागले. त्या दुसऱ्या कुणाच्या शेपटाची चौकशी हळूहळू वाढत गेली. पान सुरकुतलं तर? मूळ गुलाबी दिसलं तर? तिच्या गावाकडं पाण्याविना काय काय पिकतं, मेंढरं चाऱ्याविना कशी जगवतात, तिच्या वडलांनी एका हंड्यात आठ माणसांचं कसं भागवलं, सगळं या गुरुवारांत निघालं. फोन ठेवल्यावर मामा मला सांगायचे, "लय हुशार पोर हाय. चार वरीस घरात हुती, मला म्हाईतच न्हाई."

पण झाड मेल्याचं काही त्यांनी कबूल केलं नाही. मोबाईलवर तोंड दाखवून बोलायची वेळ आली की वितभर वाढलेलं नवं शेपूट कडीला बांधायचे आणि मला खाली फरशीवर उताणं झोपवून मोबाईल वर धरायला लावायचे, म्हणजे ते लांब दिसतं. "अजून खाली सरक," असं तोंडानं न बोलता नुसत्या हातानं सांगायचे. सूनबाई म्हणायची, "छान वाढलंय, आबा." मामा घाम पुसायचे. घाम येणारच, कारण वाऱ्यानं पानं गळतात म्हणून सोप्यातला पंखा कायमचा बंद. एप्रिलच्या उन्हात आलेले पाहुणे त्या बंद पंख्याखाली वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचे. एका सोयऱ्याची टोपी शेपटाला घासली आणि सात पानं पडली, तर मामा जेवण होईपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. संक्रांतीला मामींनी हळदीकुंकवाला वाण म्हणून बायकांना एकेक रुजलेलं पान दिलं. मामा दाराबाहेर उभं राहून प्रत्येकीला बजावत होते, "आठवड्याला एक चमचा. त्याच्या वर एक थेंब गेला तर माझ्याशी गाठ हाय."

दिवाळीला सूनबाई आली. शेपूट तोवर जेमतेम हातभर झालं होतं. ती त्याच्याखाली उभी राहिली, आणि मामा एकदम गोठ्यात निघून गेले. ती हळूच मला म्हणाली, "भाऊजी, पहिल्या फोनलाच कळलं होतं मला. तुम्ही सांगू नका हां. आबा माझ्याशी बोलतात, ते मला झाडापेक्षा जास्त आहे." तिकडं गोठ्यात मामा म्हशीला पाणी पाजत होते. म्हैस नको म्हणत होती.

ती गेल्यावर मात्र मामा गप्प गप्प झाले. झाड ठणठणीत होतं, नवी पानं येत होती, तक्रारीला जागाच नव्हती. शेवटी एकदा त्यांनी मनातलं सांगितलं. "आता सगळं यायला लागलं रं मला. फोन लावून इचारू तरी काय?"

परवा गुरुवारी मी पलूसला गेलो होतो. शेपूट आता दीड हातावर आलंय. पंखा बंदच. मामांनी टोपी नीट केली, फोन लावला आणि चिंतेच्या आवाजात म्हणाले, "अगं, एक पान पिवळं पडल्यागत वाटतंय." मी चष्मा लावून चारी बाजूंनी पाहिलं. एकही पान पिवळं नव्हतं. पलीकडून सूनबाई तितक्याच काळजीनं विचारत होती, "कुठलं, आबा? वरचं का खालचं? नीट बघून सांगा, मला काही घाई नाही."

मामांनी हातानं मला मागं सारलं आणि फोनवर तळहात ठेवून दटावलं, "तू बघू नगंस तिकडं. पिवळं हाय म्हंजे हाय."