सशाचा रवंथ

शलमोनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिठाच्या चक्कीवर रांगेत उभा होतो. त्यांच्या पत्नी मार्थावहिनी एवढंच म्हणाल्या, "बाबू, डॉक्टर गेले. सकाळी चहा घेऊन राह्यले होते, तसेच..." पुढचं चक्कीच्या आवाजात ऐकू आलं नाही. अशा वेळी मित्राचा चेहरा डोळ्यांपुढे येतो म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढे आधी आला तो एक कागद आणि त्यावरची माझी सही. आता सात आठवडे झालेत. मंडळीतले लोक त्यांच्याबद्दल फार गोड बोलतात. त्या गोड बोलण्याची मला चीड येते, आणि त्यातली निम्मी चीड माझी मलाच आहे.

शलमोनभाऊ खरे डॉक्टर नव्हते. अमडापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. पण अडलेली गाय सोडवायला खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस लोकांच्या लेखी डॉक्टरच. "माही म्हैस चारा खात नाही, काय झालं असन?" असं कोणी दारात येऊन विचारलं, की पायात चप्पल सरकवत ते म्हणायचे, "आधी ढोर पाहू द्या." न पाहता त्यांनी कधी औषध सांगितलं नाही. मी पंचायत समितीत कारकून, म्हणून त्यांच्या तोंडी कायम 'बाबू'. आम्ही एका आळीत राहत होतो आणि एकाच मंडळीचे होतो. मंडळी म्हणजे पन्नासेक ख्रिस्ती घरं, एक चर्च आणि त्यामागची पत्र्याची खोली. रविवारची उपासना संपली की त्या खोलीत भाऊ बायबलचा वर्ग घ्यायचे. अठरा वर्षं घेतला. घरात मूलबाळ नव्हतं, नोकरीही संपली होती. त्या वर्गासाठीच ते आठवडाभर जगायचे, असं म्हटलं तर वहिनीसुद्धा रागावणार नाहीत.

एका रविवारी बायबलातल्या लेवीयाच्या पुस्तकातली शुद्ध-अशुद्ध प्राण्यांची यादी निघाली. ससा रवंथ करतो पण त्याचा खूर दुभंगलेला नाही, म्हणून तो वर्ज्य, असं एका बाईंनी वाचलं. भाऊंनी चष्मा काढला. "ससा रवंथ करत नाही," ते म्हणाले. "गाईच्या पोटाले चार कप्पे असतात, सशाले एकच. म्या उघडून पाह्यलं हाये." कोणी हसलं, कोणी खाकरलं. मी पुढचं पान उलटलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट चर्चच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रींच्या, कानावर गेली होती, आणि जाताना तिला चांगले चार पाय फुटले होते. पाळकसाहेब तरुण, कळकळीचे, माणूस वाईट नव्हे. पण पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे देवाचं वचन चुकतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?" भाऊ उभे राहिले. "म्या सशाबद्दल बोलून राह्यलो, साहेब. देवाबद्दल नाही." पाळकसाहेब म्हणाले, एक अक्षर सैल सोडलं की सगळंच निसटतं, पवित्र शास्त्र लिहिलंय तसंच घ्यायचं. भाऊ म्हणाले, "घेऊ ना. पण काय लिहिलं हाये, थे तं आधी पाहू द्या." त्या दिवशी उपासनेनंतर कोणी कोणाला धड सलाम केला नाही.

मग त्यांनी खरोखरच पाहायला सुरुवात केली. मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द कोणता, त्याचा अर्थ त्या काळी काय होता, हे विचारणारी पत्रं त्यांनी कुठं कुठं पाठवली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी आशीर्वाद पाठवले. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मात्र तीन पानं लिहिली. त्यांचं म्हणणं, मूळ शब्दांत गिळलेलं पुन्हा वर आणण्याची कल्पना आहे. सशाचं तोंड सतत हलतं, ते पाहून त्या काळच्या लोकांनी तसं म्हटलं असावं. शेवटी लिहिलं होतं, 'पण यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि मला स्वतःला खात्री नाही.' हे 'मला खात्री नाही' भाऊंनी मला तीनदा वाचून दाखवलं. "बाबू, पाहा, हा माणूस खरा विद्वान," ते म्हणाले. मला त्यात एवढं हरखण्यासारखं काय आहे ते कळेना. आमच्या ऑफिसात 'खात्री नाही' असा शेरा मारला असता तर साहेबांनी फाईल तोंडावर फेकली असती.

थोड्याच दिवसांनी पाळकसाहेबांनी एक छापील पत्रक आणलं. ससा आपलीच मऊ लेंडी पुन्हा खातो, म्हणजे तो रवंथच झाला, विज्ञानानं पवित्र शास्त्र सिद्ध केलं, असं त्यात होतं. वर्गात आनंदीआनंद. मलाही हायसं वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला म्हटलं. भाऊंनी ते पत्रक घरी नेलं, दवाखान्यातल्या आपल्या जुन्या साहेबांना विचारलं आणि रविवारी उभे राहून म्हणाले, "लेंडीचं खरं हाये. मले हे ठाऊक नव्हतं, तुमची माफी मागतो. पण थो रवंथ नव्हे. रवंथ म्हणजे पोटातलं तोंडात. हे निराळं." झालं! मागितलेली माफी कोणाच्या लक्षात राहिली नाही, 'पण' तेवढा राहिला.

बुलढाण्याहून एक वकील आले, ते आणखी निराळे. त्यांना 'बायबलमधल्या चुका' यावर भाऊंचं व्याख्यान हवं होतं, सत्कारासकट. मी तिथंच बसलो होतो. भाऊंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "तुमचा निकाल तं आधीच लागला हाये साहेब. मंग साक्षीदार कायले बलावता?" वकीलसाहेब अर्धा कप ठेवून उठले. दोन्हीकडचं दार स्वतःच्या हातानं लावून घेणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी चिडून म्हटलं, "भाऊ, काऊन असं करता? कुठंतरी तं टेका." त्यांनी वकीलसाहेबांचा अर्धा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला.

मी तेव्हा मंडळीचा सेक्रेटरी होतो. एका दुपारी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एकजण कागद घेऊन दारात आला. मोटरसायकल सुरूच. "बाबू, सही पायजे. बाकीच्यांच्या झाल्या." पेन्सिलीची खूण केली होती तिथं मी सही केली. पस्तीस वर्षं नोकरीत हेच केलं होतं... खूण दिसली की सही. भाऊंचा वर्ग काढून घेणारा ठराव तो.

दुसऱ्या दिवशी ते त्याची प्रत घेऊन आले. बसले नाहीत. "बाबू, तुम्ही हे वाचलं काय?"

न वाचता सही केली म्हणायची लाज वाटली. सेक्रेटरी ना मी! म्हटलं, "हो, वाचलं."

त्यांनी कागदाची घडी घातली. "वाचून केली असन तं ठीक हाये," म्हणाले आणि गेले. पुढची दोन वर्षं ते दर रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसले. मला सलाम करत, तब्येत विचारत. ठरावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्यांना माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी मंडळीची फाईल मागवली आणि तो ठराव पहिल्यांदा वाचला. 'सदर इसम पवित्र शास्त्र खोटे आहे असे शिकवितात.' खोटं हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. हे माझ्याइतकं पंचांत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या ओळीखाली माझी सही होती.

हे वहिनींना सांगायला गेलो, पण तोंड उघडण्याआधी त्याच बोलल्या. "तुमच्या सहीनं त्याहिले लय कामाले लावलं बाबू. म्हणत, बाकीच्याहिचं सोड, पण बाबूनं वाचून सही केली, म्हंजे त्याले कायतरी दिसलं असन. माहंच कुठंतरी चुकलं असन. दोन वर्षं थेच शोधून राह्यले होते. म्या म्हणलं, विचारा ना त्याहिले. तं म्हणे, त्यानं होऊन सांगितलं पायजे."

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर वही होती. एकेका पानावर एकेकाचं नाव आणि त्याखाली त्याचं म्हणणं, जसंच्या तसं, कुठंही शेरा नाही. पाळकसाहेबांची चार पानं, पुण्याच्या प्राध्यापकांची सहा, वकिलांचंसुद्धा एक. शेवटच्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं, 'बाबूचं म्हणणं'. खाली पान कोरं.

वहिनी चहा टाकायला गेल्या. मी खिशातला पेन काढला आणि त्या पानावर लिहिलं, 'मी वाचलं नव्हतं.' खाली सही केली.