सैतान सुटला, साध्वी अडकली

"तुझ्या यंत्राच्या मते मी अश्लील बाई आहे," सिस्टर अ‍ॅग्नेस फोनवर शांतपणे म्हणाल्या. "आज लेख गेला नाही, तर मासिकाचा अंक माझ्याशिवाय निघेल."

२००४ साली मी न्यू जर्सीतल्या एका कॅथलिक कॉलेजात ईमेल सर्व्हर सांभाळत होते. सिस्टर सत्तरीच्या, इतिहासाच्या प्रोफेसर.

आम्ही नुकताच फिल्टर बसवला होता. तो मेलमधल्या संशयास्पद शब्दांना मार्क देतो. मार्क फार झाले की मेल अडवून ठेवतो. त्या जागेला म्हणायचं क्वारंटाइन.

मी तिथे पाहिलं. सिस्टरनी लेख दोन भागांत पाठवला होता. विषय सतराव्या शतकातली एक फ्रेंच नन. पहिल्या भागात तिच्या अंगात सैतान शिरतो. ती किंचाळते, फादरला शिव्या घालते. हा भाग बिनबोभाट गेला होता. दुसऱ्या भागात तीच नन देवाशी एकरूप होते. छातीत ज्वाळा, आलिंगन, गोड वेदना, मूर्च्छा. फिल्टरचा शिक्का: अ‍ॅडल्ट. खात्री करायला मी दोन परिच्छेद वाचले आणि मागे कुणी उभं नाही ना, ते बघून घेतलं.

लेख सोडू का, असं विचारल्यावर माझा बॉस गॅरी म्हणाला, "पॉलिसी म्हणजे पॉलिसी. मजकूर सभ्य आहे असं कुणीतरी जबाबदारीनं सांगायला हवं."

"गॅरी, त्या नन आहेत!"

"फिल्टरला कपडे दिसत नाहीत."

शेवटी मी सिस्टरच्या ऑफिसात गेले. "सैतान सुटला आणि साध्वी अडकली," मी सांगितलं. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"अगं, तेव्हाही हाच घोळ होता. अंग ताठ होणं, आवाज बदलणं, शुद्ध हरपणं. देव असो की सैतान, लक्षणं तीच. लेखातल्या ननला आधी झपाटलेली म्हणाले, मग पवित्र."

"आमच्याकडेही अंगात आलं की देवी आहे की भूत, हेच आधी विचारतात. पण तुमचे लोक ठरवायचे कसं?"

"वाट बघायचे. झटका ओसरल्यावर बाई नम्र झाली की तोरा मिरवतेय? मठातली वाट्याची भांडी घासते का?"

फिल्टरला वाट बघणं जमणार नव्हतं. मी परत येऊन गॅरीला म्हटलं, "इतिहास विभागाचं अडकलेलं माणसाला तपासू दे."

"तपासणार कोण?"

"सिस्टर."

स्वतःला काम लागत नाही म्हटल्यावर गॅरी लगेच हो म्हणाला. सिस्टरनी लॉगिन केलं, स्वतःचा लेख सभ्य ठरवला आणि सोडून दिला. अंकात तो छापून आला.

त्यांना या कामाची गोडीच लागली. बाकीच्या विभागांचं क्वारंटाइनही त्यांनी हौसेनं मागून घेतलं. काही आठवड्यांनी गॅरीनं मित्राला पाठवलेला एक चावट जोक त्यात अडकला. सिस्टरनी सोडला नाही. शेरा मारला: "हा सैतानाचा नव्हे. त्याची विनोदबुद्धी बरी असते."

पुढे मी बऱ्याच ऑफिसांत फिल्टर बसवले. सल्ला एकच देते. फिल्टर कुठलाही घ्या, पण अडकलेलं वाचायला एक माणूस ठेवा. जरा म्हातारा असला तर उत्तम.